कोळसा शेतात की कंपनीच्या गेटवर?

सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेलं पाणी खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांत वीज करून खाली उतरतं. खोपोलीच्या वीजगृहातून 1915पासून सुटणारं पाणी पाताळगंगेला मिळतं आणि रसायनी-मोहोपाड्याच्या कारखान्यांच्या कडेने धरमतरच्या खाडीकडे जातं. भिवपुरीचं वीजगृह 1922 सालचं. त्याच्या पाण्यावर राजनाला वाहतो, कर्जतचं उन्हाळी भात पिकतं आणि उरलेलं पाणी पेज नदीतून उल्हासला जातं. खोपोलीत पोलाद, पाइप आणि जस्ताचा मुलामा देणारे उद्योग आहेत. रसायनीत रसायनं, औषधं आणि कृत्रिम धाग्यांचे कारखाने आहेत. एकाच पाण्यावर भात आणि कारखाने दोन्ही जगत असतील, तर कारखान्याच्या आवारातून निसटलेला जड धातू ताटातल्या भातापर्यंत येईल का, ही शंका रास्त आहे. त्यावर सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे लाकडाचा बायोचार: कमी हवेत भाजलेला, सच्छिद्र कोळसा, जो मातीत किंवा पाण्यात शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे धातू धरून ठेवतो. हा उपाय कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, याचा हा वाद आहे. संवाद कल्पित आहे. त्यातलं रसायनशास्त्र आणि कायदे कल्पित नाहीत. ताई कृषी पदवीधर आहे, बचत गटांबरोबर काम करते आणि कोळशाच्या बाजूने बोलते. मास्तर रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, पाताळगंगेच्या काठचे भातशेतकरी. अधूनमधून मी मधे बोलेन, कारण मलाही एक बाजू घ्यायची आहे, आणि ती या दोघांपैकी कुणाचीच जशीच्या तशी नाही.

ताई : मास्तर, कोळसा आपल्या मातीला परका नाही. लावणीआधी आवणाच्या जागेवर पालापाचोळा, टहाळ आणि शेण पसरून राब भाजणं कोकणातल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. कातकरी समाजाने तर कोळसा पाडण्याचं कसब आयुष्यभर अंगावर वागवलं आहे. बायोचार म्हणजे तेच ज्ञान, फक्त आच आणि हवा मोजून वापरलेलं. लाकूड साधारण 350 ते 600 अंश सेल्सिअसला, हवा कोंडून भाजलं की त्यातला ओलावा आणि ज्वालाग्राही वायू निघून जातात आणि मागे कार्बनचा जाळीदार सांगाडा उरतो. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन असलेले गट असतात, ते शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त यांचे धनभारित आयन पकडतात. कोळशातली राख मातीचा सामू (pH) वाढवते आणि सामू वाढला की हे धातू विरघळण्याऐवजी बसून राहतात. हे केवळ प्रयोगशाळेतलं नाही. चीनच्या जिआंगसू प्रांतात कॅडमियमने दूषित झालेल्या भातखाचरांत गव्हाच्या काडाचा कोळसा हेक्टरी 10, 20 आणि 40 टन घालून दोन हंगाम निरीक्षणं घेतली गेली. सर्वाधिक मात्रेच्या वाफ्यांत दाण्यातलं कॅडमियम जवळपास 45 ते 60 टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे वादळाने पडणारी झाडं आहेत, रानात माजलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे, बांधावरचं गिरिपुष्प आहे, फार्महाउसांच्या छाटणीचा ढीग आहे. जे एरवी जाळून टाकतात, त्याचा कोळसा करून खाचरात घालायला काय हरकत आहे?

मास्तर : पहिली हरकत ही की तू रोग ठरवण्याआधी औषध ठरवलंस. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले 53 महाराष्ट्रातले. पाताळगंगा आणि उल्हास दोन्ही त्यात होत्या. पण ती यादी बीओडीवर बेतलेली आहे. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, एवढंच बीओडी सांगतं; शिसं किंवा कॅडमियम किती आहे याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. यादीत नाव आलं म्हणजे खाचरात धातू आहे असं होत नाही आणि उद्या नाव गळालं म्हणजे धातू गेला असंही होत नाही. दुसरी गंमत आपल्या कातळाची. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम, व्हॅनेडियम मुळातच बऱ्यापैकी असतात. त्या दगडाची झीज होऊन झालेल्या मातीचा एकूण धातू मोजला, तर जिथे कारखान्याचा धूरही पोहोचला नाही अशा डोंगरउतारावरही आकडा मोठा दिसेल. तो धातू खनिजात घट्ट बसलेला असतो. भाताच्या मुळाला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे एकूण धातूचा आकडा दाखवून भीती घालणारा जितका चुकतो, तितकाच बीओडी दाखवून दिलासा देणाराही चुकतो.

ताई : हे मान्य. मुळाला मिळू शकणारा धातू वेगळा मोजायला हवा आणि त्याची रीत मृदाशास्त्रात आहे. पण तुमच्याच मुद्द्यावरून कोळशाची बाजू भक्कम होते. अपाय जर एकूण धातूने न होता सुट्या धातूने होत असेल, तर धातू मातीतून उपसून काढण्याची गरजच नाही. तो बांधून ठेवला की पुरे. उपसणं किती महाग असतं ते जपानकडे बघून कळतं. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतलं कॅडमियम भातखाचरांत उतरलं, त्यातून हाडं ठिसूळ करणारा इताई-इताई रोग झाला. 1968 साली जपान सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. तिथली दूषित माती बदलण्याचं काम 1979मध्ये सुरू होऊन 2012मध्ये संपलं, 860 हेक्टरांहून अधिक जमिनीवर. आपल्या अर्ध्या-एक एकराच्या शेतकऱ्यासाठी तेहतीस वर्षं कोण माती बदलत बसणार आहे? त्यापेक्षा कोळसा पसरणं परवडेल.

मास्तर : बांधून ठेवलेला धातू बांधलेलाच राहील याची हमी कोळसा देत नाही, खाचरातलं पाणी देतं किंवा मोडतं. भाताच्या शेतात वर्षातून दोनदा रसायनशास्त्र उलटतं. खाचर तुंबलेलं असताना मातीत प्राणवायू नसतो. तेव्हा कॅडमियम गंधकाशी जोडून घट्ट बसतं, पण लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. पाणी काढून खाचर सुकवलं की उलट: आर्सेनिक पुन्हा लोहाला चिकटतं आणि कॅडमियम सुटतं. कोळसा सामू वाढवून कॅडमियमला आवर घालतो हे खरं, पण वाढलेल्या सामूत आर्सेनिक सुटायला मदतच होते. क्रोमियमची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं घातक, सहा संयुजेचं रूप पाण्यात ऋणभारित असतं आणि साध्या सामूला कोळशाचा पृष्ठभागही ऋणभारित असतो. ते दोघं एकमेकांपासून लांब राहतात. पाणी आम्लधर्मी असेल तर कोळसा त्या क्रोमियमचं कमी घातक रूपात रूपांतर करतो, पण आम्लधर्मी पाणी शेतात कुणी सोडत नाही. म्हणून ‘जड धातूंवर कोळसा’ हे वाक्यच अपुरं आहे. कुठला धातू, कुठल्या सामूला, ओल्या मातीत की सुक्या, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

इथे मला मधे बोलायला हवं, कारण दोघंही कोळसा किती लागतो हा प्रश्न टाळून पुढे चालले आहेत. एका हेक्टरचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर म्हणजे दीड हजार घनमीटर माती, वजनाने सुमारे 2,100 टन. प्रयोगांत नेहमी वापरतात तशी एक टक्का मात्रा धरली, तर 21 टन कोळसा हवा. चांगल्या बंद पिंपात सुक्या लाकडाच्या वजनाच्या पंचवीस ते तीस टक्के कोळसा मिळतो, म्हणजे हेक्टरी 70 ते 80 टन सुकं लाकूड. एकराला तीसेक टन. खड्डाभट्टीत उतारा याहूनही कमी. वादळात पडलेली झाडं आणि छाटणीचा ढीग अशा मागणीपुढे एका गावालाही पुरणार नाहीत. पुढची कुऱ्हाड उभ्या झाडावर पडेल. लाकडाऐवजी भाताचं तूस घ्यावं, तर हेक्टरी तीन टन भातातून सहाशे किलो तूस आणि त्यातून दोनशेक किलो कोळसा निघतो. एका हेक्टरच्या तुसाने त्याच हेक्टरची एक टक्का मात्रा भरायला शंभर वर्षं लागतील. हा हिशेब कोळशाची गुणवत्ता नाकारत नाही. तो फक्त सांगतो की सगळ्या शिवारावर कोळसा पसरणं हा या खोऱ्यांसाठी उपाय होऊ शकत नाही. मग उरतो प्रश्न असा: ज्या थोड्या कोळशाची आपली ऐपत आहे, तो कुठे ठेवला तर सर्वांत जास्त धातू अडेल?

ताई : मग धातू पसरण्याआधी अडवू. कारखान्याच्या आवारातून, भंगाराच्या यार्डातून, मुलामा देणाऱ्या छोट्या शेडमधून पावसाचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथे कोळशाची गाळणी. हिशेब मांडते. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एक हेक्टरच्या आवारावर तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन कोटी लिटर पाणी. त्यात लिटरमागे 0.1 मिलिग्रॅम धातू आहे असं समजू, म्हणजे वर्षाला तीन किलो. प्रयोगशाळेत कोळसा ग्रॅममागे दहा-वीस मिलिग्रॅम धातूही धरतो, पण ते दाट द्रावणात; विरळ पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सेंद्रिय पदार्थ जागा अडवतात. म्हणून मी ग्रॅममागे फक्त एक मिलिग्रॅम धरते. तीन किलो धातूला तीन टन कोळसा. शेतात एका हेक्टरला एकवीस टन, गेटवर एका हेक्टरच्या आवाराला तीन टन. आणि तेच तीन किलो कॅडमियम असतं आणि ते एका हेक्टर खाचरात उतरलं असतं, तर वरच्या थरात किलोमागे 1.4 मिलिग्रॅम भर पडली असती. स्वच्छ मातीत कॅडमियम सहसा किलोमागे एक मिलिग्रॅमच्या आतच असतं. म्हणजे तीन टन कोळशाने एका वर्षात जे टळतं, ते नंतर एकवीस टनांनीही पुसता येत नाही.

मास्तर : हिशेब सुरेख आहे, पण त्यात आषाढ नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटर पाऊस बारा महिन्यांत सारखा वाटून पडत नाही; एका दिवसात शंभर-दोनशे मिलिमीटरही येतो. 24 जुलै 1989 रोजी पाताळगंगेच्या पुराने नदीकाठची कारखानदारी पाण्याखाली घेतली होती. अशा लोंढ्यापुढे तुझी तीन टनांची गाळणी म्हणजे धरणाच्या दारात टांगलेला रुमाल. कोळशाला धातू पकडायला वेळ लागतो, मिनिटं लागतात, काही वेळा तास. शिवाय आवारातून वाहणारं बरंचसं शिसं आणि क्रोमियम विरघळलेलं नसतं, ते गाळाच्या कणांना चिकटून जातं. तो गाळ कोळशाच्या फटी बुजवेल आणि पंधरा दिवसांत पाणी गाळणीवरून वाहू लागेल. मोठ्या कारखान्यांत चुन्याची प्रक्रिया आधीपासून आहे, रसायनीच्या औद्योगिक पट्ट्यात सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. चुना स्वस्त आहे, त्याची रीत शंभर वर्षांची आहे. कोळसा नक्की कुठली उणीव भरून काढतो?

ताई : चुन्याची उणीव त्याच्या रसायनशास्त्रातच आहे. तीन संयुजेचं क्रोमियम साधारण आठ-साडेआठ सामूला खाली बसतं, जस्ताला नऊच्या वर जावं लागतं, कॅडमियमला अकराच्या आसपास. पण सामू तितका चढवला की खाली बसलेलं क्रोमियम आणि जस्त पुन्हा विरघळू लागतात. धातूंचं मिश्रण असलेलं सांडपाणी एकाच टाकीत, एकाच सामूला पूर्ण निवळत नाही. शेवटचा विरळ अंश उरतोच. कायद्याची मोजपट्टीही बघा. जमिनीवरच्या पाण्यात सांडपाणी सोडताना केंद्राच्या सर्वसाधारण मानकांत कॅडमियमला लिटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, तर पिण्याच्या पाण्याच्या 2012च्या भारतीय मानकात मर्यादा 0.003 मिलिग्रॅम आहे. दोहोंत साडेसहाशे पटींहून जास्त अंतर. ते अंतर कोण भरून काढतं? वीजगृहाचं पाणी. ते मिसळलं की नदीच्या पाण्यात आकडा लहान दिसतो, पण धातूचं वजन घटत नाही. ते गाळात साठतं आणि पुराबरोबर काठावर येतं. म्हणून क्रम असा: आधी गाळ बसवणारा हौद, मग चुना, आणि शेवटी कोळसा. आषाढातला लोंढा मी गाळू बघत नाही. मृगाच्या पहिल्या सरींनी आठ महिन्यांची धूळ धुऊन निघते, ते पाणी हौदात अडवायचं आणि सावकाश कोळशातून सोडायचं. कोरड्या महिन्यांतला पाझर तर संथच असतो. तीन कोटी लिटरांपैकी बराचसा पाऊस त्या धुलाईनंतरचा, तुलनेने निवळ असतो.

ताईच्या या उत्तरात एक गोष्ट दडलेली आहे, ती उघड मांडली पाहिजे, कारण लाकडाच्या कोळशाची खरी जागा त्यातून ठरते. धातूला रासायनिकरीत्या धरण्यात लाकडाचा कोळसा अव्वल नाही. शेणाच्या, तुसाच्या किंवा काडाच्या कोळशात राख, फॉस्फेट आणि सिलिका जास्त असतात आणि मातीत त्यांचा परिणाम सहसा अधिक दिसतो. लाकडाच्या कोळशाचा गुण निराळा: तो टणक असतो, तुकड्याचा तुकडा राहतो, त्यातून पाणी आरपार जातं आणि पोत्यात किंवा जाळीच्या पेटीत भरून तो पुन्हा बाहेर काढता येतो. तुसाचा कोळसा गाळणीत भरला तर भुगा होऊन तुंबतो. खाचरात मात्र भुगा होणं अडचणीचं नसतं. म्हणजे वस्तूच्या गुणांनीच कामाची वाटणी करून ठेवली आहे. लाकडाचा कोळसा पाण्याच्या वाटेवर, जिथून तो परत काढता येईल. तुसाचा कोळसा, गरज सिद्ध झालीच तर, त्या त्या खाचरात. लोहाच्या क्षारात भिजवलेला लाकडी कोळसा आर्सेनिकही धरतो, म्हणजे गाळणीत धातूनुसार फेरफार करायलाही वाव आहे. नांगरून मातीत मिसळलेल्या कोळशात असा फेरफार करता येत नाही. धातू हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, जळून नाहीसं होत नाही. म्हणून कुठल्याही उपायाला विचारायचा प्रश्न एकच: शेवटी धातू कुठे असेल आणि त्याची नोंद कुणाच्या वहीत असेल? शेतात पसरलेल्या कोळशाचं उत्तर आहे: शेतकऱ्याच्या जमिनीत, आणि नोंद कुठेच नाही. गेटवरच्या कोळशाचं उत्तर असं असू शकतं: पेटीत, आणि नोंद धातू सोडणाऱ्याच्या वहीत.

मास्तर : ‘असू शकतं’ यावरच माझा आक्षेप आहे. कोळसा हे जळण आहे, हे तू विसरलीस. धातू धरून बसलेला कोळसा आणि चुलीतला कोळसा दिसायला सारखेच. गेटबाहेर वापरलेल्या पेट्यांचा ढीग पडला की तो वीटभट्टीवर जाईल नाहीतर कुणाच्या चुलीत. भट्टीच्या तापमानाला कॅडमियम आणि शिसं वाफ होऊन उडतात. पाण्यात अडवलेला धातू मग बाईच्या आणि पोरांच्या श्वासात जाईल. दुसरं, कच्चा माल. कारखान्यात मोडक्या पॅलेटचं लाकूड ढिगाने मिळतं, फुकट मिळतं. त्यातलं काही रंगवलेलं असतं, काही वाळवीपासून वाचवण्यासाठी तांबं-क्रोमियम-आर्सेनिकच्या द्रावणात मुरवलेलं असू शकतं. त्याचा कोळसा केला तर धातू धरायला लावलेली वस्तूच धातू सोडेल. जंगलाचं म्हणशील, तर झाड तोडायला 1964च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याची परवानगी लागते आणि माथेरानभोवतीचा पट्टा 2003पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आणि तिसरं, कातकऱ्यांचं कसब तू अभिमानाने सांगितलंस, पण ते कसब उचलीच्या कर्जात वापरलं गेलं. वेठबिगारी 1976च्या कायद्याने बंद झाली, तरी भट्टीवर जाण्यापूर्वी घेतलेली उचल फिटता फिटली नाही, अशी कुटुंबं या दोन तालुक्यांत कमी नाहीत. स्वच्छतेच्या नावाने पुन्हा तीच भट्टी लावणार असशील, तर ती स्वच्छता मला नको.

ताई : तिन्ही आक्षेप मी उपायाच्या अटी म्हणून घेते. वापरलेला कोळसा पेटीतून सुटा बाहेर येणारच नाही. पेट्या क्रमांकाच्या, आत जाताना आणि बाहेर येताना वजन केलेल्या. 2016च्या घातक कचरा नियमांखाली असा कचरा निर्माण करणाऱ्यावरच त्याच्या नोंदीची आणि विल्हेवाटीची जबाबदारी आहे. त्यासाठीची सोय दूर नाही. तळोज्याला घातक कचऱ्याची सामाईक व्यवस्था आहे. तिथे तो स्थिर करून पुरला जाईल, जाळला जाणार नाही. लाकूड फक्त ओळखीचं: ग्रामपंचायतीच्या नोंदीतलं पडझडीचं झाड, छाटणी, बांधावरचं गिरिपुष्प, पॅलेट नाही, रंगवलेली फळी नाही. आणि कोळसा करणारा गट पिंपाचा मालक असेल, उचल घेतलेला मजूर नाही. खरेदीचा करार कंपनीशी आणि दर पोत्यामागे, आगाऊ पैशाशिवाय. कोळसा थोडाच लागणार आहे, म्हणूनच या अटी पाळता येतील. शेतात पसरायचा असता तर मागणी इतकी वाढली असती की ठेकेदार आलाच असता.

मास्तर : आणि ज्यांच्या खाचरात धातू आधीच उतरलेला असेल? त्यांना गेटवरची गाळणी काय देते?

हा शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्याला गेटवरच्या गाळणीत उत्तर नाही, आणि असल्याचा आव आणू नये. पण तिथेही पहिली पायरी कोळसा नाही. आधी खाचर तपासायचं, तेही माती आणि दाणा दोन्ही. शिसं आणि क्रोमियम दाण्यापर्यंत फारसे चढत नाहीत. भाताच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बघायचे धातू म्हणजे कॅडमियम आणि आर्सेनिक. शिवाय कॅडमियमचा प्रत्येक कण कारखान्याचा नसतो. रॉक फॉस्फेटपासून बनणाऱ्या स्फुरदयुक्त खतांतूनही ते थोडंथोडं येतं. दाण्यात कॅडमियम सापडलं, तर भात निसवण्याच्या आगेमागे खाचरात पाणी ठेवणं हा जपानी शेतकऱ्यांनी वापरलेला बिनखर्ची उपाय आहे. राजनाल्यावरच्या उन्हाळी भाताला तो करता येण्याजोगा आहे. आर्सेनिक सापडलं तर उलट, मधून खाचर सुकवावं लागेल. दोन्ही सापडले तर पाण्याची पाळी बारकाईने ठरवावी लागेल. त्यानंतर चुना, आणि त्यानंतर त्या खाचरापुरता तुसाचा कोळसा. कर्जतलाच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. पाण्याच्या पाळ्या आणि भाताच्या वाणांची चाचणी करायला याहून जवळची जागा नाही, कारण एकाच मातीत काही वाण दाण्यात कॅडमियम कमी भरतात आणि काही जास्त.

कुणी म्हणेल, हे सगळं सावकाश चालणारं काम आहे आणि शेतात कोळसा टाकला की निदान काहीतरी केल्याचं समाधान तरी मिळतं. वर मातीत गाडलेल्या कार्बनचं क्रेडिटही आता विकता येतं. धोका नेमका इथे आहे. कार्बनचा हिशेब शेताकडे ओढतो, कारण मातीत गेलेला कोळसा मोजायला आणि विकायला सोपा. धातूचा हिशेब गेटकडे ओढतो, कारण धातू तिथेच सर्वांत कमी जागेत, सर्वांत कमी मालकांच्या हाती असतो. जमिनीचा कस वाढवायला किंवा कार्बन गाडायला कुणी कोळसा वापरला तर त्यावर वेगळा विचार व्हावा. धातूच्या नावाखाली तो शेतकऱ्याच्या शेतात ढकलू नये, कारण मग प्रदूषण करणाऱ्याचा खर्च शेतकऱ्याच्या जमिनीत जिरतो आणि वर शेतकऱ्यालाच उपकार मानावे लागतात.

जिंझू खोऱ्यातून घेण्याजोगा धडा माती बदलण्याचा नाही. खटला जिंकल्यावर 1972 साली तिथल्या रहिवाशांनी खाणकंपनीकडून एक करार मिळवला: पीडितांनी निवडलेले तज्ज्ञ बरोबर घेऊन खाणीत शिरण्याचा आणि पाहणी करण्याचा हक्क, तोही कंपनीच्या खर्चाने. तेव्हापासून दरवर्षी ती पाहणी होत आली आणि नदीतलं कॅडमियम उतरत गेलं. कोळशाची गाळणी त्या हक्काची जागा घेऊ शकत नाही, पण तो हक्क बजावायला ती मदत करते. पेटीतला कोळसा हा वर्षभराचा नमुना असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस ज्या दिवशी बाटली भरतो, त्या दिवसाचंच पाणी बाटली सांगते. पेटी मात्र तिच्यातून महिनोन्महिने गेलेल्या पाण्याचा हिशेब धरून ठेवते. वर्षाच्या शेवटी पेट्या उघडून त्यातला धातू ग्रामसभेपुढे तपासला, तर त्या गेटमधून काय बाहेर पडत होतं हे कागदावर येईल. म्हणून खोपोली आणि रसायनीत पहिल्या पन्नास पेट्या लावायच्या असतील तर त्यांची अट हीच असावी: खर्च कंपनीचा, कोळसा गटाचा, किल्ली मंडळाची आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. यातली एक अट जरी सुटली, तरी मास्तरांचा संशय खरा ठरेल. आणि चारही पाळल्या गेल्या, तर ताईला शेतात कोळसा पसरण्याची वेळ सहसा येणार नाही.